अर्जाचं दुसरं पान

मुलाचा जनुकीय रिपोर्ट आला तेव्हा त्यातली एकच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचत होते. बीटीके जनुकात बदल सापडला आहे, पण त्याचं 'महत्त्व अनिश्चित', म्हणजे आजार त्याच्यामुळेच आहे का ते सांगता येत नाही. अडीच वर्षांच्या पोराला तीनदा न्यूमोनिया झालेला, एक कान कायम वाहता, चार आठवडे डोळे लावून बसलेलो, आणि हाती हे.

सुरुवात आठव्या महिन्यात झाली. 'दात येतायत', 'पाळणाघरात जातो, होणारच', असं सगळे म्हणायचे. बहुतेक मुलांचं तसंच असतं, वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला धडधाकट मुलालाही होतो. पण वर्षात दोन न्यूमोनिया आणि दर वेळी शिरेतून अँटिबायोटिक, हे त्यात बसत नाही. तिसऱ्या वेळी एका डॉक्टरबाईंनी त्याची जीभ दाबून टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. "टॉन्सिल दिसतायत का बघा." घशाच्या दोन्ही बाजू गुळगुळीत होत्या. टॉन्सिलमध्ये मुख्यतः बी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, भरलेल्या असतात. या पेशीच नसल्या तर टॉन्सिल वाढत नाहीत आणि जंतूंशी लढणारी प्रतिपिंडंही तयार होत नाहीत. त्याचं आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य प्रतिपिंडं, निघालं 62, फारच कमी. बी पेशी 0.1 टक्का, जवळजवळ नाहीतच. पहिले सहा महिने तो माझ्याकडून पोटात मिळालेल्या प्रतिपिंडांवर निभावला होता.

बी पेशी न बनण्याचा हा आजार (एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया) ब्रुटन नावाच्या डॉक्टरांनी 1952 मध्ये नोंदवला, त्याचं जनुक, म्हणजे बीटीके, 1993 मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एक्स एकच, म्हणून आजार त्याला होतो, आणि आई वाहक असली तरी तिला काही जाणवत नाही. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून बाहेरून दिली जाणारी प्रतिपिंडं, मात्र जनुकाच्या रिपोर्टसाठी थांबवू नका. आमच्या डॉक्टरांनी आयजीजी बघूनच सुरू केलं. दर चार आठवड्यांनी 5 ग्रॅम, थेंबाथेंबाने, सकाळपासून दुपारपर्यंत. बाटलीवरचं स्टिकर दर वेळी वहीत चिकटवून ठेवा, बॅच नंबर लागतो.

मग रिपोर्टची एवढी घाई का? माझी धाकटी बहीण दुसऱ्या महिन्यात होती. बदल पक्का ठरला तरच तिची तपासणी, आणि ती वाहक निघाली तर बाळाची, असा क्रम होता. त्यात एकेक आठवडा मोलाचा.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'रुग्णाची माहिती: दिलेली नाही.' मी दिली होती! तपासणीच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर आयजीजी, बी पेशी, तिन्ही न्यूमोनियांच्या तारखा आणि वंशावळ होती. त्या वंशावळीसाठी आईने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. माझ्या आधीचा भाऊ तीन वर्षांचा असताना 'छातीत कफ होऊन' गेला. हे सांगताना ती भिंतीकडे बघत होती. ते पान रक्त घेणाऱ्या केंद्राने पुढे पाठवलंच नव्हतं.

केंद्रात गेले तर म्हणे, "तुम्हीच दिलं नसेल." फोटो दाखवला. मग, "डॉक्टरांचं नवीन पत्र आणा." आणलं. "यावर शिक्का नाही." तो आणला, तर साहेब रजेवर. प्रयोगशाळेत फोन केला की ते म्हणत, केंद्रामार्फतच या. यात पाच आठवडे गेले. आजही त्या काउंटरची आठवण झाली की माझे हात कापतात. मुलाचा आजार कुणाच्या हातात नव्हता, पान जोडणं होतं.

सोडवणूक झाली ती आमच्या डॉक्टरांमुळे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांच्या तपासण्या होतात. बीटीके जनुकापासून बनणारं प्रथिन पेशींत आहे की नाही ते बघायला डॉक्टरांनी त्याचं आणि माझं रक्त तिकडे पाठवलं. (हे रक्त ताजंच पोचावं लागतं, शुक्रवारी काढू देऊ नका.) तपासणीचा आलेख येतो, मुलाच्या आलेखात प्रथिन जवळजवळ नव्हतं. माझ्या आलेखात दोन वेगळे उंचवटे होते, काही पेशींत प्रथिन आहे, काहींत नाही. वाहक आईचा आलेख असा दिसतो. तो कागद, भावाची नोंद आणि जुनी माहिती हाती पोचल्यावर जनुक तपासणाऱ्या प्रयोगशाळेने रिपोर्ट बदलला: 'रोगकारक असण्याची दाट शक्यता'.

पोलिओचं राहिलं. अशा मुलाला तोंडावाटे थेंब द्यायचे नाहीत, घरातल्या दुसऱ्या लहान मुलालाही इंजेक्शनच. डोस द्यायला घरी येणाऱ्या ताईंना मी चिठ्ठी दाखवते.

बहिणीचं रक्त पाठवताना मी काउंटरवर उभी राहिले. दोन्ही पानं एकत्र स्टेपल होऊन पाकिटात जाईपर्यंत हलले नाही. बाराव्या दिवशी रिपोर्ट आला, तिच्यात तो बदल नाही. आईला फोन केला. बराच वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग म्हणाली, "थांब, देवापुढे साखर ठेवून येते."