मुंबईच्या दमट हवेत काश्मिरी लोकरी जॅकेट

आज दिवसभर कपाटातली लोकर वाऱ्याला लावली. आरीकामाचं, म्हणजे साखळीटाक्याच्या काश्मिरी भरतकामाचं, जॅकेट आधी उलटं करून बघावं. आकड्याच्या सुईने घातलेला साखळीटाका हाताचा असेल तर कुठे लांब, कुठे आखूड पडतो. किती सुंदर दिसतो तो!

लोकर खाते ती कसरीची अळी, आणि घामाचे, जेवणाचे डाग तिला सर्वात प्रिय. त्यामुळे न धुता ठेवलेलं जॅकेट नुसत्या डांबराच्या गोळ्यांनी वाचत नाही. धुण्याआधी लाल दोऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबा. रंग लागला तर ड्रायक्लीनच. नाहीतर गार पाणी, रिठा, 5 मिनिटं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवं वाळवा. हँगरवर टांगलं की ओल्या भरतकामाच्या वजनाने खांदे ओघळतात.