पावतीवर आलेलं नाव

सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला. भुदरगड तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. तिथं काउंटरवर बसणारा मुलगा बोलत होता आणि खुशीत होता.

"सर, रात्री इजेत राऊटर जळला. नेटवाल्यानं रातोरात नवीन बसवला. पण सकाळी सॉफ्टवेअर उघडंना, सर्व्हर सापडत नाही म्हणायला लागलं. मग मीच सेटिंगमध्ये गेलो, यादीत सर्व्हर दिसला तो निवडला, भिंतीवरचा पासवर्ड टाकला, कनेक्शन सक्सेसफुल! नव्वदेक जणांचं दूध घेऊन झालं बघा. फक्त दर जुना पडतोय. दरपत्रक कुठनं बदलायचं तेवढं सांगा."

शाबासकी माझ्या ओठांवर आली होती. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "आणि एका मावशींच्या पावतीवर त्यांच्या मालकांचं नाव आलंय. ते मार्चमध्येच वारले की. मावशी पावती हातात धरून तिथंच उभ्या हाईत, हलंनात."

मी अंथरुणातून उठून बसलो. नुसत्या दरावरून मी दरपत्रकच तपासत बसलो असतो. पण त्या मावशींची वारस नोंद एप्रिलमध्ये संस्थेच्या सचिवांशेजारी बसून मीच करून दिली होती. खात्याचा क्रमांक तोच ठेवायचा आणि नाव बदलायचं, हे त्यांना शिकवताना उदाहरण म्हणून हेच खातं घेतलं होतं. ते नाव परत आलं याचा अर्थ एकच होता. काउंटरचं मशीन आज आपल्या सर्व्हरवर, म्हणजे सगळा डेटा ठेवलेल्या संगणकावर, गेलेलंच नाही. ते आधी सर्व्हर असलेल्या जुन्या मशीनवर गेलंय, आणि त्या मशीनवर अकरा महिन्यांपूर्वीचा डेटा आहे.

"नोंद थांबव," मी म्हटलं. "इथून पुढं एकही पावती काढू नकोस. वही काढ आणि हातानं लिही. खाते क्रमांक, माणसाला विचारून नाव, लिटर, फॅट, एसएनएफ. दर लिहू नकोस." (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक.)

दूध थांबत नाही. बाहेर रांग असते, कॅन भरत जातात आणि संघाची गाडी तिच्या वेळेला येऊन उभी राहते. संगणक बंद पडला म्हणून म्हशीची धार उद्यावर ढकलता येत नाही. त्यामुळं वही हा एकच मार्ग होता. सचिव आण्णांनी वीस वर्षं वहीवर संस्था चालवली आहे. ते रानातून तसेच आले आणि काउंटरवर बसले, असं मुलानं नंतर सांगितलं.

मी कोल्हापुरातून मोटारसायकलवर निघालो. परतीचा पाऊस रात्रभर कोसळला होता, रस्त्यावर ठिकठिकाणी फांद्या पडल्या होत्या. दिवाळी आठवड्यावर होती, आणि त्याच दुपारी दरफरकाच्या याद्या छापायच्या होत्या. आमच्या भागात दर दहा दिवसांचं दुधाचं बिल घरखर्चात जातं. वर्षभरात घातलेल्या दुधावर दिवाळीआधी मिळणारा फरक मात्र कपडे, फराळ, पोरांची फी यासाठी आधीच ठरलेला असतो. त्या याद्या जर जुन्या मशीनवरून निघाल्या असत्या तर? वर्षभरात सभासद झालेल्या एकाचंही नाव त्यात आलं नसतं. वाटभर माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

आता चूक कुठं झाली ते सांगतो, कारण ती माझी होती.

संस्थेत तीन संगणक आहेत. काउंटरवर एक, त्याला वजनकाटा आणि दुधाची तपासणी करणारं मशीन जोडलेलं. आत कपाटाशेजारी नवा सर्व्हर. आणि सचिवांच्या टेबलावर जुना सर्व्हर, जो आता पत्रं टाइप करायला वापरतात. डेटा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीत आहे. मागच्या वर्षी नवं मशीन आलं तेव्हा मी डेटा तिकडं हलवला आणि जुन्यावरचा तसाच ठेवला. म्हटलं, चार दिवस राहू दे, काही अडलं तर हाताशी असावा. चार दिवसांचे अकरा महिने झाले. जुन्या मशीनवरची एसक्यूएलची सेवा विंडोजबरोबर रोज आपोआप सुरू होत राहिली.

त्याच्याही मागची गोष्ट आहे. सहा वर्षांपूर्वी जुन्या मशीनवर हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवलं, तेव्हा काउंटरवरून जोडणी होईना. एक्स्प्रेस आवृत्ती मुळात आपल्या मशीनपुरतीच बोलते. टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कवरून बोलायची सोय, बंद असतं ते चालू करावं लागतं, पोर्ट, म्हणजे आत यायच्या दरवाजाचा क्रमांक, दर वेळी बदलू नये म्हणून १४३३ असा पक्का करावा लागतो, मग सेवा बंद करून परत सुरू करायची, आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणारी भिंत, तिच्यात तेवढाच दरवाजा उघडायचा. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती, लोक येऊ लागले होते. मी सरळ फायरवॉलच बंद करून टाकली. जोडणी झाली आणि मी चहा पिऊन घरी आलो. ती फायरवॉल परत कधी चालू केलीच नाही.

नव्या मशीनवर मात्र सगळं रीतसर केलं होतं. फायरवॉल चालू, लागणारे पोर्ट फक्त खासगी नेटवर्कसाठी उघडे, आयपी पत्ता १९२.१६८.१.१० असा कायमचा. फक्त एसएचा पासवर्ड जुन्या मशीनचाच ठेवला, लोकांना लक्षात ठेवायला सोपा म्हणून. एसए म्हणजे त्या सर्व्हरचा सर्वाधिकारी, त्याला काहीही करता येतं. आणि तो पासवर्ड काउंटरच्या भिंतीवर, पंचांगाशेजारी चिकटवलेला होता.

नव्या राऊटरचे पत्ते १९२.१६८.० नं सुरू होत होते. काउंटर आणि सचिवांचं मशीन राऊटर देईल तो पत्ता घेतात, त्यामुळं दोघं नव्या गल्लीत गेले. खरा सर्व्हर आपला कायमचा पत्ता धरून जुन्या गल्लीतच बसला. त्यांचं एकमेकांशी बोलणंच तुटलं. मुलानं सेटिंगमधली सर्व्हरची यादी उघडली, तेव्हा सॉफ्टवेअरनं नेटवर्कवर हाक मारली: कोण कोण आहे? ओ दिली ती एकट्या जुन्या मशीननं, कारण त्याची फायरवॉल बंद होती. डेटाबेसचं नाव तेच, लॉगिन तेच, पासवर्ड तोच. जोडणी यशस्वी होणार नाही तर काय? त्या मुलानं काहीही चुकीचं केलं नाही, हे मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो आणि इथंही लिहितो. मी सहा वर्षांपूर्वी जे दार उघडं टाकलं होतं, त्यातून तो फक्त आत गेला.

पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. गाडी दूध घेऊन गेली होती. पण आठ-दहा सभासद अजून उभे होते आणि वातावरण तापलेलं होतं. दर लिटरमागं दोन-अडीच रुपयांनी कमी पडलेला, तोही दिवाळीच्या तोंडावर. "संस्थेनं गुपचूप दर पाडला" ही बातमी तोवर गावभर गेली होती. आण्णा एकेकाला समजावत होते. मी त्यांना सांगितलं, आजच्या सगळ्या पावत्या रद्द, संध्याकाळी नव्या मिळतील, दर कालचाच आहे. त्यांनी लगेच फळ्यावर लिहिलं आणि खाली सही केली.

मग कामाला बसलो. आधी काउंटरच्या जोडणीतून सर्व्हरला त्याचंच नाव विचारलं. एका ओळीची क्वेरी असते. उत्तर आलं ते जुन्या मशीनचं. अंदाज खरा ठरला.

राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता बदलून पूर्वीसारखा १९२.१६८.१.१ केला, म्हणजे सगळे परत एका गल्लीत येतील. काउंटरवर सर्व्हरचा पत्ता हातानं लिहिला, यादीतून निवडला नाही. टेस्ट कनेक्शन दाबलं. परत तेच, सर्व्हर सापडत नाही. एरर २६. केबल बघितली, सेवा बघितली, पोर्ट बघितला. सगळं जागेवर. सर्व्हरच्याच पडद्यावर उघडलं तर डेटा नीट उघडतो, बाहेरून मात्र कुणाला दारात उभं करत नाही.

वीस मिनिटं गेली. मग नेटवर्कची प्रोफाइल बघितली आणि उलगडा झाला. राऊटर बदलला की विंडोजच्या दृष्टीनं ते नवं, अनोळखी नेटवर्क असतं आणि ते त्याला पब्लिक समजतं, जसं एसटी स्टँडवरचं वायफाय. मी दरवाजे उघडले होते ते खासगी नेटवर्कसाठी. सर्व्हर शहाण्यासारखा कडी लावून बसला होता. प्रोफाइल प्रायव्हेट केली आणि त्याच क्षणी जोडणी झाली. फायरवॉल बंद करायचा मोह याही वेळी झाला होता, खोटं कशाला बोलू.

खरं काम यापुढं होतं. जुन्या डेटाबेसमध्ये त्या सकाळच्या ९४ नोंदी पडल्या होत्या. त्या उचलून नव्यात टाकायच्या, एवढं सोपं ते नव्हतं. वर्षभरात खाती बदलतात. मी आजच्या नोंदींची यादी काढली आणि प्रत्येक खाते क्रमांकापुढं दोन्हीकडची नावं शेजारीशेजारी मांडली. ८८ जुळली, सहा जुळली नाहीत. त्यातल्या चार वारस नोंदी होत्या, मावशींची त्यातलीच एक. उरलेली दोन मात्र धोक्याची. जुनं खातं बंद होऊन तोच क्रमांक दुसऱ्या माणसाला दिलेला. आण्णांनी आठवून सांगितलं की सकाळी कोण आलं होतं, तरी मी दोघांच्या घरी फोन लावून खात्री करायला लावली. दूध एकाचं आणि पैसे दुसऱ्याला, हे गावात मिटता मिटत नाही. अकरा नव्या सभासदांची खाती तर जुन्या मशीनला सापडलीच नव्हती. त्यांचं लिटर आणि फॅट मुलानं कागदाच्या कपट्यावर टिपून ठेवलं होतं. तो कपटा त्या दिवशी मला सोन्याच्या मोलाचा वाटला.

तपासलेल्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये घेतल्या, कपट्यावरच्या आणि वहीतल्या हातानं भरल्या, सकाळच्या सगळ्या पाळीला आजचा दर परत लावला, आणि एकूण लिटर गाडीच्या चलनाशी ताडून पाहिलं. पाच लिटरचा फरक आला. वहीतला एक आकडा चार होता, मी नऊ वाचला होता.

दुपारी जुन्या मशीनच्या डेटाचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घेतला, त्यातला एक दुसरीकडं उघडून पाहिला, मगच ती सेवा कायमची बंद केली. सहा वर्षांनी त्याची फायरवॉल चालू झाली. नव्या सर्व्हरवर एसएचं लॉगिन बंद करून तीन वेगळी लॉगिन केली. काउंटरला नोंद करता येते, पुसता येत नाही. काउंटरच्या नव्या लॉगिननं पहिल्यांदा दार उघडलं नाही, पडद्यावर नुसतं लॉगिन फेल्ड. अशा वेळी लोक पासवर्ड बदलत सुटतात. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं. १८४५६ या एररपुढं स्टेटचा आकडा येतो. ५ म्हणजे त्या नावाचं लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. इथं होता ३८, म्हणजे माणूस ओळखला पण मागितलेला डेटाबेस त्याला उघडता येत नाही. मी लॉगिन बनवलं होतं, परवानगी द्यायची राहिली होती.

भिंतीवरचा कागद काढला. त्या जागी सर्व्हरचं नाव, त्याचा पत्ता आणि माझा फोन नंबर एवढंच लावलं. पासवर्ड आण्णांच्या तिजोरीत, बंद पाकिटात.

दरफरकाच्या याद्या संध्याकाळी साडेपाचला छापून झाल्या. पाळी सुरू व्हायच्या आधी आण्णा नव्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन स्वतः काउंटरबाहेर उभे राहिले. जुनी पावती घ्यायची, नवी द्यायची, वहीत खूण करायची. मावशी आल्या. त्यांच्या नावाची पावती आण्णांनी त्यांच्या हातात दिली आणि जुनी मागितली नाही. वहीत खूण मात्र केली.

निघताना मी मुलाला एकच काम लावून दिलं. कनेक्शन सक्सेसफुल आलं म्हणून लगेच काट्यावर कॅन ठेवायचा नाही. आधी मागच्या पाळीचा गोषवारा उघडायचा आणि एकूण लिटर गाडीच्या चलनाशी जुळतंय का बघायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला दहा कमी असताना फोन वाजला.

"सर, काल संध्याकाळचं ७३६ लिटर दाखवतंय. चलनावर पण ७३६. पहिला कॅन घेऊ?"

"घे," मी म्हटलं.