सेल्फ अँकर घेताना: ‘२२ केएन’ हे उत्तर का पुरत नाही

सेल्फ अँकर, म्हणजे चढाईत स्वतःला कातळातल्या बोल्टशी अडकवून ठेवायची पट्टी किंवा दोर, घ्यायला दुकानात गेलं की प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर मिळतं: ‘२२ केएन आहे, काही होत नाही.’ (केएन म्हणजे किलोन्यूटन, भार मोजायचं एकक.) मटेरियल कुठलं? २२ केएन. ताणलं जातं का? २२ केएन. पडल्यावर झटका किती बसेल? तेच. माझी निवड रखडली ती याच उत्तरापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. उत्तर खोटं नसतं, पण ते आपण विचारलेल्या प्रश्नाचं नसतं. हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), हेल्मेट, बिले डिव्हाइस (जोडीदाराचा दोर धरायचं साधन) यांत फार डोकं लावावं लागत नाही: लेबल बघा, माप बघा, घ्या. सेल्फचं तसं नाही.

२२ केएन म्हणजे साधारण सव्वादोन टन. शिवलेल्या स्लिंगचं (म्हणजे पट्टीच्या फासाचं) युरोपीय मानक ईएन ५६६ एवढंच मागतं की, स्लिंग दोन पिनांमध्ये हळूहळू ओढली तर तिने किमान इतका भार सोसावा. वजन खाली सोडून झटका देण्याची चाचणी त्यात नाहीच. आता ८० किलोचा माणूस सेल्फवर नुसता लटकला तर भार एक केएनसुद्धा होत नाही. म्हणजे लटकण्यापुरती कुठलीही स्लिंग भक्कमच आहे. विचारायचं ते हे की, अर्धा मीटर सैल सोडलेल्या सेल्फवर पाय घसरून पडलो तर अंगावर आणि बोल्टवर किती झटका येईल.

इथे फॉल फॅक्टर समजून घ्यावाच लागतो. जितकं पडलो ते अंतर भागिले दोराची किंवा स्लिंगची लांबी. बोल्ट कमरेच्या उंचीला आणि सेल्फ सैल असेल तर फॅक्टर १ च्या आसपास. बोल्टच्या वर सेल्फ पूर्ण ताणून उभे असाल तर २. साठ सेंटिमीटरच्या सेल्फवर हे पडणं १२० सेंटिमीटरचं असतं, ऐकायला किरकोळ. पण झटका ठरतो तो फॅक्टरवर आणि ताण किती जातो त्यावर, केवळ उंचीवर नाही. मोठ्या फॉलमध्ये आपल्याला वाचवतो तो मीटरच्या मीटर ताणला जाणारा डायनॅमिक दोर. सेल्फवर पडताना तो दोर मध्ये नसतोच.

सह्याद्रीत हे पुस्तकी गणित राहत नाही. लिंगाणा असो की जीवधनशेजारची वानरलिंगी, सुळक्याच्या माथ्यावर डोक्याच्या वर बोल्ट मारायला कातळच नसतो. बोल्ट पायाशी, आपण उभे, आणि रॅपलचा (खाली उतरायचा) दोर ओवताना दोन पावलं इकडेतिकडे होणारच. नेमक्या त्याच क्षणी आपण मेन रोपमधून, म्हणजे चढाईच्या मुख्य दोरातून, सुटलेले असतो.

डीएमएम या ब्रिटिश कंपनीने ८० किलोचं वजन स्लिंगवर टाकून घेतलेल्या चाचण्या म्हणूनच मला मोलाच्या वाटतात. डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या स्लिंगवर झटका १२ केएनच्या बराच वर गेला, आणि गाठ मारलेल्या डायनीमा स्लिंग फॅक्टर २ ला तुटल्या. लेबलवर २२ केएन असूनही. १२ केएन ही मर्यादा मी मनाने घेतलेली नाही: सिंगल डायनॅमिक दोराच्या मानकात, ईएन ८९२ मध्ये, चाचणीच्या पहिल्या फॉलला याहून जास्त झटका चालत नाही, कारण त्यापुढे माणसाच्या शरीराची खात्री देता येत नाही.

कारण धाग्यातच आहे. डायनीमा वजनाला हलका आणि अतिशय मजबूत, पण जवळपास ताणलाच जात नाही. शिवाय गुळगुळीत. गाठीत सरकतो, घासून तापतो, आणि वितळतो साधारण १४५ अंशांना. नायलॉनला त्यासाठी २०० च्या बरंच वर जावं लागतं. म्हणून डायनीमाच्या सेल्फला लांबी कमी करायला मध्ये गाठ मारणं ही मला सर्वांत वाईट सवय वाटते, आणि ती सगळीकडे दिसते.

दुकानदाराला मटेरियल सांगता आलं नाही तरी ते ओळखता येतं. डायनीमाची पट्टी अरुंद असते, ८ ते ११ मिलिमीटर, आणि तिच्यात पांढरे धागे दिसतातच, कारण हा धागा रंग धरत नाही. रंगीत दिसतो तो सोबत विणलेला नायलॉन. पट्टी १६ ते २० मिलिमीटर रुंद, जाड आणि पूर्ण रंगीत असेल तर बहुधा नायलॉन. शिवणीपाशी लेबल असतं: मटेरियल, ईएन क्रमांक, सीई खूण आणि तिच्या शेजारी चार आकडे. लेबलच नसेल तर ती स्लिंग सामान बांधायला वापरा.

या सगळ्यानंतर माझं मत ठाम आहे: सेल्फ डायनॅमिक दोराचाच असावा. शिवलेला तयार घ्यायचा तर पेत्झलचा कनेक्ट अ‍ॅडजस्ट किंवा बेआलचा डायनाक्लिप हे या जातीचे. सेल्फसाठी आता वेगळं मानकही आहे, ईएन १७५२०, आणि यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेचं १०९. लेबलवर यांपैकी एखादं दिसलं तर वस्तू याच कामासाठी तपासलेली आहे.

घरी बांधायचा तर ९ ते १० मिलिमीटरचा सिंगल डायनॅमिक दोर, नवा, रीळवरून कापलेला. बाद केलेल्या मेन रोपचा तुकडा नको. तो बाद का झाला ते विसरू नका. लांबी साधारण ३ मीटर घ्या, गाठी बराच दोर खातात. मध्यभागाजवळ फिगर ऑफ एट, ती हार्नेसला. दोन्ही टोकांना बॅरल नॉट, म्हणजे कॅरॅबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) गाठीत घट्ट धरला जातो आणि आडवा फिरत नाही. एक हात लांब, एक आखूड. शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेलं टोक, किमान १० सेंटिमीटर, टोकं जाळून बंद. मग प्रत्येक गाठीवर अंगाचं पूर्ण वजन टाकून ती आवळून घ्या, नाहीतर पहिल्या वापरात लांबी बदलते.

लांब हाताची लांबी किती? पूर्ण लटकल्यावर बोल्टमधला कॅरॅबिनर हाताने पकडता आला पाहिजे. त्याहून लांब असेल तर स्वतःचं वजन उचलून सुटताच येत नाही.

डेझी चेन, म्हणजे ओळीने खिसे शिवलेली पट्टी, हिच्याबद्दल आधीच सांगायला हवं होतं. तिच्या मधल्या खिशांची शिवण दोन-तीन केएनचीच असते. पूर्ण ताकद फक्त टोकापासून टोकापर्यंत. लांबी कमी करायला एकाच कॅरॅबिनरमध्ये शेजारचे दोन खिसे अडकवले तर मधली शिवण उसवताच साखळी कॅरॅबिनरमधून सरळ बाहेर येते. ती एड क्लाइंबिंगची, म्हणजे साधनांवर वजन टाकत चढण्याची, वस्तू आहे. मेटोलियसचा पीएएस दिसायला तसाच, पण त्याचा प्रत्येक लूप स्वतंत्र आणि पूर्ण ताकदीचा असतो.

सुट्या टेपची (विणलेल्या सपाट पट्टीची) गाठ मारून सेल्फ करणारेही बरेच आहेत. टेपवरच्या उभ्या रेघा मोजा, एक रेघ म्हणजे ५ केएन. टेप नॉट वापरता वापरता सैल होते, त्यामुळे शेपटं किमान ८ सेंटिमीटर, आणि अडकवण्याआधी दर वेळी बघायची.

हार्नेसला सेल्फ बिले लूपमध्ये, म्हणजे पुढच्या शिवलेल्या कडीत, नको. दोर बांधतो त्या वरच्या-खालच्या दोन लूपमधून घ्या, आणि दिवस संपला की काढून ठेवा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत गिर्यारोहक टॉड स्किनर गेले ते झिजलेला बिले लूप तुटून. एकाच जागी स्लिंग घासत राहणं आपल्या हातात आहे, ते टाळता येतं.

टोकाला स्क्रूगेट, म्हणजे स्क्रू फिरवून बंद होणारा, कॅरॅबिनर. लावल्यावर गेट दाबून बघा, नुसती नजर पुरत नाही. सैल स्लिंगच्या टोकाला कॅरॅबिनर जागेवर राहावा म्हणून रबर लावू नका: वळण पडलं की स्लिंग केवळ रबरात अडकलेली राहते आणि वरून सगळं ठीक दिसतं.

आणि मल्टिपिच, म्हणजे टप्प्याटप्प्याने, चढताना मुख्य दोर अंगावर असेल तर त्याचीच क्लोव्ह हिच ही गाठ बोल्टवरच्या कॅरॅबिनरला घाला. तो डायनॅमिक आहे, लांबी हवी तशी होते, पैसे पडत नाहीत. वेगळा सेल्फ लागतो तो रॅपलच्या वेळी, मेन रोप सोडावा लागतो तेव्हा. तेव्हा सेल्फ ताणलेला ठेवा, त्यावर वजन टाकून बघा, आणि मगच मेन रोपची गाठ सोडा.