एनव्हिडिया की एएमडी? तुम्ही विचारलंत म्हणून

“गेमिंगसाठी कुठल्या कंपनीचं ग्राफिक्स कार्ड जास्त फास्ट?” नवा पीसी जोडायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. मी उलट विचारतो, “मॉनिटर कुठला?” मग समोरच्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय.

टाळत नाही. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १०८०पीच्या (फुल एचडीच्या) बरोबर चौपट. १०८०पीवर तगडी कार्डं बरेचदा सीपीयूची, म्हणजे पीसीच्या मुख्य प्रोसेसरची वाट बघत बसतात, त्यामुळे ताकदीत बराच फरक असलेली दोन कार्डंही वेगाच्या आलेखात जवळजवळ सारखी दिसतात. तीच ४केवर चालवा, अंतर लगेच उघडं पडतं. तेव्हा कुणी आलेख दाखवला की आधी त्यावरचं रिझोल्यूशन (१०८०पी की ४के) वाचायचं.

दुसरं म्हणजे, वेग कार्डाचा असतो, कंपनीचा नसतो. नावावरही जाऊ नका. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय २०२३ मध्ये ८ आणि १६ जीबी मेमरी अशा दोन रूपांत आलं, चिप तीच. २०२५ मध्ये एएमडीनेही आरएक्स ९०६० एक्सटीच्या बाबतीत हेच केलं. गेमला ८ जीबी पुरत असेल तर दोघांत फरक जाणवणारही नाही. पुरत नसेल, तर टेक्श्चर (भिंती, जमीन यांवर चढवलेली चित्रं) पीसीच्या साध्या रॅममधून ओढून आणावे लागतात आणि गेम झटके खायला लागतो. काही गेम तर गुपचूप हलक्या दर्जाचे टेक्श्चर वापरतात. आकडा छान येतो आणि भिंती मातीच्या गोळ्यासारख्या दिसतात! अशा वेळी एकाच नावाच्या दोन कार्डांतला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा ठरतो.

आता सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम (चित्रं). या आकड्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या आणि एकीला ११५ लागले. एकूण हजार मिलिसेकंद, म्हणजे सरासरी अगदी व्यवस्थित ६० एफपीएस. पण ऐन नेम धरताना ती ११५ वाली फ्रेम आली, तर तुम्ही मेलात. म्हणून मी सरासरीच्या शेजारचा ‘१ टक्का लो’ आधी बघतो, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमच्या आधारे काढलेला एफपीएस. त्यातही गेमगणिक निकाल फिरतो. एका गेममध्ये एएमडी पुढे, दुसऱ्यात एनव्हिडिया. आपण खेळतो ते गेम सोडून दहा भलत्याच गेमची सरासरी घेऊन करायचं काय?

फ्रेम जनरेशन, म्हणजे एआयने मधल्या फ्रेम बनवणं, आल्यापासून आकडे आणखीच फसवे झालेत. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतल्या सगळ्यात तगड्या ४०९० इतकी कामगिरी देतं. त्या दाव्यात एनव्हिडियाचं डीएलएसएस ४ हे तंत्र गृहीत धरलेलं होतं. त्यात खऱ्या एका फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम एआय तयार करतं. चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं, पण माऊसला प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने मिळतो. मूळचे ३० एफपीएस असतील तर हाताला ते ३०च लागतात. तुलना करताना हे दोन्हीकडे बंद करा, मगच आकडे शेजारी ठेवा.

अपस्केलिंग, म्हणजे कमी पिक्सेलमध्ये चित्र बनवून ते मोठं करणं, मात्र मी चालू ठेवतो. यातही एनव्हिडियाचं डीएलएसएस बरीच वर्षं चित्राच्या दर्जात पुढे होतं. आरएक्स ९०७० सोबत २०२५ मध्ये एएमडीचं अपस्केलिंग, एफएसआर ४ आलं, त्यात त्यांनीही मशीन लर्निंग वापरलं आणि अंतर पुष्कळ कमी झालं. रे ट्रेसिंगमध्येही (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावल्या काढण्यात) त्यांनी बरीच मजल मारली, पण पूर्ण पाथ ट्रेसिंग, म्हणजे सगळाच प्रकाश असा मोजणं, चालू केलं की एनव्हिडिया अजून पुढे निघून जातं.

इंटेलला कुणी विचारतच नाही. २०२२ मध्ये आर्क कार्डं आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ग्राफिक्स प्रणालीवरच्या गेममध्ये ती रडायची. पुढे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सुधारत गेले. त्यांच्या बी५८० या कार्डाला १२ जीबी मेमरी आहे, पण ते जुन्या सीपीयूसोबत मागे पडतं आणि रिसाइझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

थोडक्यात हवंच असेल तर: पाथ ट्रेसिंगचं वेड असेल तर एनव्हिडिया. रे ट्रेसिंग बंदच ठेवून खेळणार असाल, तर त्याच किमतीत एएमडीचं कार्ड बहुधा जास्त फ्रेम देतं, ते आधी बघा. आणि असूस घेऊ की एमएसआय, म्हणजे याच चिप घेऊन कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांपैकी कुणाचं, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. चिप एकच असेल तर वेगात फरक जेमतेम दोन-चार टक्के. तिथे पंख्यांचा आवाज, वॉरंटी आणि कार्डाची लांबी बघा. लांबी तर आधीच मोजा, कारण हल्लीची तीन पंख्यांची कार्डं प्रत्येक कॅबिनेटमध्ये मावत नाहीत.