आमची वाटचाल: वडशाचं दुकान आणि सीआरओवरची हिरवी रेघ

आम्ही गिटारची पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे पायानं दाबायचे डबे, बनवतो. आमचं दुकान वडशात, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजला. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची ऑफिसं इथंच, त्यामुळे दिवाळी झाली की बाबांच्या टेबलावर अॅम्प्लिफायर, माइक, ऑर्गनचे अडॅप्टर यांचा ढीग, रात्री नाटक आणि दिवसा रिपेरिंग, सीझन संपेपर्यंत असंच चालायचं. मी आणि लहान भाऊ सोल्डरिंग त्याच टेबलावर शिकलो.

गिटारचं काम आलं ते एका ऑर्केस्ट्रावाल्या पोरामुळे. त्याचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं, दुरुस्त करून दिलं तर म्हणाला, भाऊ नवीनच बनवून द्या ना. सर्किट काही मोठं नव्हतं, ९ व्होल्टची बॅटरी, आवाज वाढवायला एक ४५५८ आयसी, लाटेचे माथे कापायला दोन १एन४१४८ डायोड. बनवलं. त्यानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "वाजून तं राह्यलं भाऊ, पण कानाले टोचून राह्यलं." आता टोचणं म्हणजे नेमकं काय, ते मी कॅपॅसिटर बदलून बदलून आठ दिवस शोधत होतो.

मग एका बंद पडलेल्या कॉलेजच्या भंगारातून २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ, म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, मिळाला. गिटारला एवढा लागत नाही, तिचा सगळा कारभार काही हजार हर्ट्झमध्येच आटोपतो, पण मिळाला तो घेतला. मोबाइलवरून १००० हर्ट्झची साइन वेव्ह पेडलमध्ये सोडली आणि स्क्रीनवर पाहतो तर आत गोल टेकड्या जाऊन राह्यल्या आणि बाहेर येताना त्यांचे माथे विळ्यानं छाटल्यासारखे सपाट, कोपरे एकदम धारदार. टोचत होते ते हेच कोपरे! डायोड ग्राउंडवरून काढून आयसीच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटमधून परत इनपुटला येणाऱ्या वाटेवर, टाकले तर खांदे गोल झाले. एका बाजूला अजून एक डायोड वाढवला, ही युक्ती १९८१ च्या बॉस एसडी-१ मध्ये आहेच, तर वरचा भाग आणि खालचा भाग सारखा राहिला नाही, त्यानं सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट असे वरचे सूर) पण येतात आणि आवाज भरतो. पोरानं एक कॉर्ड वाजवली आणि पेडल घेऊनच गेला. माझ्या मते आमचा धंदा खरा त्या दिवशी सुरू झाला.

याच सीआरओनं आमचे पैसेही वाचवले. जर्मेनियम डायोडची एक पुडी एका व्यापाऱ्यानं चांगल्या महाग भावात दिली. जर्मेनियम साधारण ०.३ व्होल्टवर लाट कापतो, सिलिकॉन ०.६ च्या आसपास. स्क्रीनवरच्या एका चौकोनाला अर्धा व्होल्ट ठेवला तर वरपासून खालपर्यंत लाट एका चौकोनाच्या जरा वर यायला पाहिजे होती, आली अडीच चौकोन. एकेक करून सगळी पुडी तपासली, सगळे सिलिकॉन. त्यानं परत घेतले नाहीत, तेव्हापासून प्रत्येक डायोड लावण्याआधी आम्ही स्क्रीनवर पाहतो.

खरे जर्मेनियम ट्रान्झिस्टर मिळाले तेव्हा आपला उन्हाळा आडवा आला. मे महिन्यात इकडं पारा ४५ च्या वर जातो, जर्मेनियममधून गळणारा नको असलेला करंट उष्णतेनं वाढतो, सकाळी कलेक्टरवर (ट्रान्झिस्टरच्या एका पायावर) साडेचार व्होल्ट बसवलेले दुपारी खाली सरकायचे आणि लाटेची एक बाजू आधीच चपटी व्हायची, गिटारचा सूर मधेच तुटायचा. म्हणून आता फझ पेडलला, म्हणजे या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या फाटक्या आवाजाच्या पेडलला, आम्ही बाहेरून फिरवता येईल असा बायस ट्रिमर देतो, तो फिरवून ते व्होल्ट परत जागेवर आणता येतात.

आणि एक, चित्र सारखं म्हणजे आवाज सारखा असं नाही. दोन पेडलची १००० हर्ट्झवरची लाट हुबेहूब होती, पण एकाचा जाड तारेचा आवाज चिखलासारखा. ती तार ८२ हर्ट्झची, मग ८२ हर्ट्झ सोडून पाहिलं तेव्हा कळलं की क्लिपिंगच्या, म्हणजे माथे छाटण्याच्या, आधी खालचे जाड सूर कमी केलेच नव्हते. आता दोन्ही फ्रिक्वेन्सीवर तपासल्याशिवाय डबा बंद करत नाही, नंतर भाऊ वाजवून पाहतो, आणि त्याचा कान नाही म्हणाला तर स्क्रीन कितीही सुंदर असो, पेडल परत टेबलावर.

यंदा प्रत्येक डब्यात त्याच पेडलच्या दोन्ही लाटांचे फोटो ठेवून राह्यलो. नव्या फझचे सहा नग तयार आहेत, पण ते मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडमध्ये वाजवून पाहू, मगच विकू.