शंभर मिलिमीटरमध्ये बसवलेला गिअरबॉक्स : माझा अनुभव

मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या एक अश्वशक्तीच्या मोटरचा वेग साधारण पाचपट कमी करायचा आणि गिअरबॉक्स मोटरच्याच अक्षावर, १०० मिलिमीटर व्यासाच्या जागेत बसवायचा, असे काम भोसरीतील आमच्या वर्कशॉपमध्ये एका पॅकिंग मशीनसाठी आले होते. १९ आणि ९६ दातांची साधी जोडी १ मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे मिलिमीटरमधील माप) घेतली तरी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११७ मिलिमीटर होते, शिवाय आउटपुट शाफ्ट बाजूला सरकतो. म्हणून मी प्लॅनेटरी रचना निवडली.

या रचनेत मोटर मधला सन गिअर फिरवते, आतून दाते असलेला रिंग गिअर स्थिर राहतो आणि दोघांमधले तीन गिअर, म्हणजे प्लॅनेट, ज्या कॅरिअरवर बसवलेले असतात, तो कमी वेगाने फिरतो. रिंगच्या दातांना सनच्या दातांनी भागून १ मिळवला की गुणोत्तर मिळते. खरा वेळ जातो तो दातांची संख्या ठरवण्यात, आणि माझ्या मते या डिझाइनचा गाभा तोच आहे.

सन, प्लॅनेट आणि रिंग यांना अनुक्रमे १८, २७ आणि ७२ दाते घेतले तर गुणोत्तर नेमके ५ येते आणि सन व रिंग यांच्या दातांची बेरीज, म्हणजे ९०, तीनने भागली जात असल्यामुळे तीन प्लॅनेट समान अंतरावर बसतात. परंतु १८ ला ३ ने भाग जातो, म्हणजे तिन्ही प्लॅनेट सनशी एकाच क्षणी गुंततात आणि फिरण्याच्या दिशेतील कंपनांची भर पडत जाते. शिवाय १८ आणि २७ यांना ९ ने भाग जात असल्याने ठरावीक दातच एकमेकांना पुन्हा पुन्हा भेटतात. १९, २९ आणि ७७ मध्ये हे दोन्ही दोष नाहीत, बेरीज ९६ तीनने भागली जाते आणि कॅरिअर मिनिटाला २८५ फेरे घेतो, जे मशीनला चालणारे होते.

ताकद तपासताना प्लॅनेटकडे विशेष लक्ष दिले. त्याच्या दाताची एक बाजू सनशी आणि दुसरी रिंगशी गुंतते, त्यामुळे तो आळीपाळीने दोन्हीकडे वाकतो. म्हणून वाकण्याचा अनुज्ञेय ताण मी नेहमीच्या ७० टक्केच धरला.

भार तिघांत सारखा वाटला जाणे मात्र आपोआप होत नाही. कॅरिअरवरील पिनांची भोके थोडी जरी इकडेतिकडे झाली, तरी एकाच प्लॅनेटवर जास्त भार येतो. यासाठी सनला स्वतंत्र बेअरिंग न देता तो स्प्लाइनवर (शाफ्टवरील लांबट खाचांच्या जोडावर) किंचित सैल ठेवला, म्हणजे तिन्ही प्लॅनेटच्या मधोमध तो स्वतःची जागा घेतो. जुळणी करताना फिटरने सनच्या दातांवर प्रशियन ब्लूचा, म्हणजे दात कुठे टेकतात ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, पातळ थर लावला आणि कॅरिअर हलका अडवून सन हाताने फिरवला, तेव्हा तिन्ही प्लॅनेटवर दाताच्या रुंदीच्या मध्यभागी सारखाच ठसा उमटला. तो एखाद्या प्लॅनेटवर कडेला सरकलेला दिसला असता, तर कॅरिअर पुन्हा बोअरिंगला, म्हणजे पिनांची भोके नीट करायला, पाठवावा लागला असता, कारण सैल सन पिनेच्या जागेतला फरक सांभाळून घेतो, तिचा तिरकेपणा नाही.