गच्चीवरची बाग आणि तिच्या वाटणीचे ऊन

रविवार.

मैत्रिणीच्या मावशींची गच्चीवरची बाग पाहण्याचा योग आज आला. फुले भरपूर होती. तरीही मनात राहिली ती मावशींची उन्हाची जाण. सकाळचे ऊन कोणत्या कोपऱ्यात किती वेळ टिकते, पाण्याच्या टाकीची सावली कोणत्या महिन्यात कुठवर सरकते आणि पश्चिमेची भिंत दिवसभर तापल्यावर रात्रीही किती वेळ उष्णता सोडत राहते, हे त्या कुंड्यांमधून वाट काढता काढता सहज सांगत होत्या. आधी झाड आवडावे आणि मग त्याला जागा शोधावी, ही आपली नेहमीची रीत त्यांनी उलटी केली आहे. तापणाऱ्या भिंतीलगत कोरफड आणि अडेनियम, टाकीच्या सावलीत नेचे, तर सहा तासांचे थेट ऊन मिळणाऱ्या मोकळ्या पट्ट्यात गुलाब, मोगरा आणि टोमॅटो आहेत.

वजनाचाही त्यांनी तितकाच विचार केला आहे. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरू शकते, त्यामुळे माती हलकी व्हावी म्हणून त्या तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळतात. जड कुंड्या स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता खालच्या तुळया असलेल्या रेषेत मांडल्या आहेत आणि प्रत्येक कुंडीखाली विटा आहेत, म्हणजे पाणी साचत नाही व स्लॅबला ओल धरली तर ती लगेच दिसते.

पाणी घालण्याची ठरावीक वेळ आहे का, असे विचारले, तेव्हा मावशींनी कुंडीत दोन पेरे बोट खुपसून दाखवले. "आत ओल लागली तर आज पाणी नाही," एवढेच त्या म्हणाल्या. कुंडीतली झाडे पाण्याअभावी मरतात त्याहून अधिक सततच्या ओलीने मुळे कुजून मरतात, असा त्यांचा अनुभव आहे.

गुलाबाच्या काही पानांच्या कडा कंपासने आखून कापाव्यात तशा गोल कातरलेल्या होत्या. मला ती कीड वाटली. पण घरट्याच्या अस्तरासाठी पाने कातरून नेणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या मधमाशीचे ते काम असल्याचे त्यांनी सांगितले. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही त्यांनी राहू दिल्या आहेत. मावा ही रस शोषणारी कीड मात्र त्यांना खपत नाही. ती दिसताच त्या पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढतात आणि तेवढ्याने न भागल्यास निंबोळी अर्क फवारतात. (कुंड्यांमध्ये बसवलेली सिमेंटची रंगीत बदके नसती तर बरे झाले असते, असे मला वाटले, ते मी बोलले नाही.)

मधुमालतीचा वेल मला सर्वांत आवडला. तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, पुढे गुलाबी आणि मग लाल होतात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पांढऱ्या फुलांकडे रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, असे मावशी म्हणाल्या.

पूर्वेला नवी इमारत उभी राहते आहे आणि तिचे आणखी दोन मजले चढले की मोकळ्या पट्ट्यातले सकाळचे ऊन जाणार आहे. मावशींनी त्याची तयारी आतापासूनच सुरू केली आहे: गुलाब आणि टोमॅटो दक्षिणेच्या कठड्याकडे हलतील, नेच्यांना त्यांची जागा मिळेल आणि मोगऱ्याचे काय करायचे, यावर त्यांचा विचार अजून चालू आहे.